डाळिंबाच्या सालीची परीक्षा

सुके खोबरे फार दिवस राहिले म्हणजे त्यास खवट वास येतो. त्यातील स्निग्ध द्रव्यांचे हवेतील ऑक्सिजनमुळे ऑक्सिडीभवन होते. या क्रियेत ‘मुक्त मूलके’ उत्पन्न होतात. त्यांच्याजवळ जोडीविना राहिलेला एक इलेक्ट्रॉन असतो, आणि तो शेजारच्या रेणूवर आघात करून नवे मूलक निर्माण करतो. ही साखळी जी द्रव्ये स्वतःचा हायड्रोजन देऊन तोडतात, त्यांस प्रतिऑक्सिडीकारके म्हणतात.

अनेक वनौषधींत ही द्रव्ये असतात. परंतु किती, हे चवीवरून कळत नाही. ते मोजण्याची एक सुटसुटीत रीत ब्लॉइस या शास्त्रज्ञाने १९५८ साली प्रसिद्ध केली. डीपीपीएच हे मुक्त मूलक असूनही टिकाऊ आहे. त्याचा द्राव गर्द जांभळा असतो आणि ५१७ नॅनोमीटरच्या आसपास तरंगलांबी असलेला प्रकाश शोषून घेतो. त्यात औषधीचा अर्क घातला की जांभळा रंग फिका होत पिवळ्याकडे झुकतो. शोषण ०.८० वरून ०.२० वर आले, तर क्रियाशीलता ७५ टक्के धरावयाची. मात्र अर्काला स्वतःचाही रंग असतो. तो वेगळा मोजून वजा केला नाही, तर उत्तर चुकते.

म्हैसूरच्या चेलुवांबा प्रासादात १९५० साली सुरू झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत डाळिंबाची साल व बिया यांची अशी परीक्षा झाली. आपल्याकडे ही साल अतिसारावर जुन्या काळापासून देतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सालीच्या मिथेनॉल-अर्काने दशलक्ष भागांत ५० भाग एवढ्या प्रमाणात ८१ टक्के क्रियाशीलता दाखविली. बियांचा अर्क दुप्पट प्रमाणात घेऊनही सुमारे २३ टक्केच. रस खाऊन साल उकिरड्यावर टाकणाऱ्यास हे आकडे चकित करतील.

पण घाई नको. मिथेनॉल विषारी आहे; घरचा काढा पाण्यात होतो, आणि साल, बिया यांच्या सर्व अर्कांत सालीचा मिथेनॉल-अर्कच सर्वाधिक प्रभावी ठरला होता. शिवाय परीक्षानळीस जठर नाही, यकृत नाही. म्हणून याच संस्थेत तो अर्क वाळवून उंदरांना, शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास ५० मिलिग्रॅम या मात्रेने, दिला गेला व मग यकृताला इजा करणारे कार्बन टेट्राक्लोराइड देण्यात आले. अर्क मिळालेल्या उंदरांच्या यकृतातील संरक्षक एंझाइमे बऱ्याच अंशी टिकून राहिली. माणसाला किती मात्रा द्यावी, हे मात्र या प्रयोगांवरून ठरत नाही.