शेजाऱ्याशी वाजलंय? पोस्ट टाकायच्या आधी हे वाचा



आपल्या बॅचमधल्या एक ताई घरून डबे देतात. फोडणीच्या वासावरून शेजाऱ्यांनी सोसायटीत तक्रार केली. ताईंनी रागारागात फेसबुकवर लिहिलं, ‘आमच्या मजल्यावरचा एक माणूस धंदा करू देण्यासाठी पैसे मागतो.’ पैसे कुणी मागितलेच नव्हते! चार दिवसांत वकिलाची नोटीस आली. पोस्ट काढून लेखी माफी मागावी लागली, आणि त्याच बिल्डिंगमधले सहा डबे बंद झाले ते वेगळंच.

कायदा काय सांगतो?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३५६ नुसार बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा होऊ शकते. शिवाय नुकसानभरपाईचा दिवाणी दावा वेगळा.

तीन गैरसमज

१. ‘मी नाव कुठे घेतलं?’ वाचणाऱ्याला माणूस ओळखू आला, तर नाव नसलं तरी चालतं. दुकान किंवा कंपनीचीही बदनामी होऊ शकते.

२. ‘खरं तेच लिहिलं!’ फौजदारी खटल्यात नुसतं खरं असून भागत नाही. ते लोकहितासाठी लिहिलं होतं, हेही दाखवावं लागतं.

३. ‘आपलाच तर व्हॉट्सॲप ग्रुप आहे.’ तिसऱ्या माणसाने वाचलं की पुरे. दुसऱ्याची पोस्ट पुढे ढकलणंही सुरक्षित नाही. रीट्वीट करणाराही जबाबदार ठरू शकतो, असं दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये म्हटलंय.

मग करायचं काय?

गप्प बसा असं मी म्हणत नाही. तक्रार करा, पण योग्य दारात. सोसायटीची कमिटी, महानगरपालिका, पोलीस, जिथे अधिकार आहे तिथे प्रामाणिकपणे केलेल्या तक्रारीला कायद्यानेच अपवादाचं संरक्षण दिलंय. तेच वाक्य फेसबुकवर टाकलं, की हे संरक्षण मिळत नाही.

- तारीख, वेळ, फोटो वहीत नोंदवून ठेवा.
- अर्ज लेखी द्या, पोच घ्या.
- ‘चोर’, ‘फ्रॉड’ असे शब्द टाळा. काय घडलं तेवढंच लिहा.
- पोस्ट आधीच टाकली असेल, तर खाली वाद वाढवू नका. स्क्रीनशॉट जपून ठेवा, पोस्ट काढा. नोटीस आली तर स्वतः उत्तर न देता आधी वकिलांना दाखवा.

राग आला की मोबाईल चार्जिंगला लावा आणि सकाळी लिहा. शेजारी आज भांडतोय, उद्या तोच गिऱ्हाईक असू शकतो.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!