वळू कशासाठी निवडायचा?

गवळाऊ ही आपल्या वर्धा जिल्ह्याची गाय. रंगाने पांढरी, अंगाने हलकी, चालीने चपळ. पूर्वी वळू निवडताना शेतकरी बंडीला पळणारा बैल डोळ्यांपुढे ठेवी. आता ट्रॅक्टरने बैलाचे काम कमी केले. घरखर्चाला दूध हवे. पण वळू स्वतः दूध देत नाही. म्हणून त्याच्या आईच्या व मुलींच्या दुधाची नोंद पाहावी. वासराला निम्मे गुण बापाकडून येतात. एका वळूची चूक अनेक गोठ्यांत पसरते. शिवाय दहा गुण एकदम मागितले तर एकही झपाट्याने सुधारत नाही. १९४१ साली जमनालालजी बजाजांनी वर्ध्यात गोसेवा संघ स्थापला. परंतु नुसत्या भक्तीने गाय टिकत नाही. परवडली तरच टिकते. तेव्हा आधी उद्दिष्ट ठरवावे, मग वळू.