छापलेले वॅट, मिळणारे वॅट

‘शुद्ध व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर, 100 वॅट’ असं छापलेलं खोकं कुणी माझ्या टेबलावर आणून ठेवलं की मी आधी ते उचलून बघतो. एका हातात सहज आलं, तर निम्मा निकाल तिथेच लागतो. निवृत्तीनंतर जुने रेडिओ आणि ॲम्प दुरुस्त करत बसतो, त्यामुळे सल्ला विचारायला बरेच जण येतात. त्यातले बहुतेक पैसे मोजून झाल्यावर येतात.

वजनाचं कारण साधं आहे. व्हॉल्व्ह चालतो तीनचारशे व्होल्टवर आणि अगदी थोड्या करंटवर. स्पीकरला हवं असतं बरोबर उलट: व्होल्ट कमी, करंट भरपूर. ही अदलाबदल आउटपुट ट्रान्सफॉर्मर करतो, आणि तबल्याच्या डग्ग्याची घुमक शाबूत पोचवायची तर त्यात लोखंड भरपूर लागतं. स्टिरिओला असे दोन, शिवाय मेन्सचा तिसरा. वीस-पंचवीस वॅटचा प्रामाणिक व्हॉल्व्ह ॲम्प उचलताना कंबर जपावी लागते ती यामुळे. (आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेले ॲम्पही असतात, पण त्यात व्हॉल्व्हची रांगच लावावी लागते आणि ते स्वस्त कधीच नसतात.)

आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने मागवलेला ॲम्प किलोभराचाही नव्हता. सोबत लॅपटॉपसारखा ॲडाप्टर. “काका, बघा ना, कसले मस्त पेटतात!” त्याने बटण दाबलं आणि दोन्ही व्हॉल्व्ह त्याच क्षणी नारिंगी उजळले. मला खटकलं ते हेच. व्हॉल्व्हचा हीटर तापायला वेळ घेतो. आधी मंद लाली येते, मग हळूहळू रंग धरते. बंद करून, गार होऊ देऊन एक व्हॉल्व्ह उपसला आणि पुन्हा चालू केला. रिकाम्या सॉकेटच्या मधल्या भोकातून तोच नारिंगी उजेड येत होता. खाली एलईडी बसवलेला. झाकण उघडल्यावर बाकीचं दिसलं: सिग्नल त्या दोन चिमुकल्या व्हॉल्व्हमधून जात होता खरा, पण स्पीकर हलवण्याचं काम नखाएवढी क्लास-डी चिप करत होती.

आवाज वाईट नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. त्या किमतीत तो ॲम्प मी टेबलावरच्या स्पीकरसाठी खुशाल घेईन. फक्त त्याला ‘शुद्ध व्हॉल्व्ह’ म्हणणार नाही. जाहिरातीत ‘हायब्रिड’, ‘ट्यूब बफर’ किंवा ‘ट्यूब प्रीॲम्प’ (ट्यूब म्हणजे व्हॉल्व्हच) असे शब्द बारीक अक्षरांत शोधा. ते असतील तर आउटपुटला चिप किंवा ट्रान्झिस्टर आहे असं धरून चाला आणि किंमतही त्याच हिशेबाने ठरवा.

आता वॅट. इथे विक्रेत्याला काहीही विचारायची गरज नाही. काचेवरचा नंबर वाचा आणि आउटपुटचे व्हॉल्व्ह मोजा. जुन्या रेडिओत हमखास सापडणारा ईएल84 एकटा असेल तर पाचेक वॅट देतो, जोडीने पुश-पुलमध्ये लावला तर दहा ते सतरा. 300बी हा एवढा गाजलेला व्हॉल्व्ह, पण एकटा साधारण आठ वॅटच देतो. 1953 सालच्या क्वाड-2 ॲम्पमध्ये केटी66 व्हॉल्व्हची जोडी होती आणि कंपनी पंधरा वॅट सांगायची. मुलार्डने 1950 च्या दशकात हौशी लोकांसाठी काढलेल्या आराखड्याचं नावच ‘5-10’: व्हॉल्व्ह पाच, वॅट दहा. त्याच ईएल84 च्या जोडीतून आज कुणी चॅनेलला पन्नास वॅट काढून दाखवत असेल, तर एक तर काच खोटी आहे नाही तर आकडा.

आकडा सरळ खोटा न छापताही फुगवता येतो. आपल्याकडे टेपरेकॉर्डरवर हजार वॅट पीएमपीओचे स्टिकर लागायचे, तो याच जातीचा प्रकार. अमेरिकेत याला कंटाळून 1974 मध्ये सरकारने नियम केला की वॅट छापायचे तर किती ओहमवर, कोणत्या फ्रीक्वेन्सीपासून कोणत्या फ्रीक्वेन्सीपर्यंत आणि किती डिस्टॉर्शनला, हेही छापा. 2024 मध्ये तो आणखी आवळला: आठ ओहम, 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ, डिस्टॉर्शन एक टक्क्याच्या आत. आपण दुकानात हेच तीन प्रश्न विचारायचे. दहा टक्के डिस्टॉर्शनला मोजलेले वीस वॅट म्हणजे फाटक्या आवाजाचे वीस वॅट. एका दुकानदाराने मला सरळ सांगितलं होतं, “साहेब, छापलेत बारा, पण स्वच्छ हवे असतील तर आठ-नऊच धरा.” अशा माणसाकडे थोडे पैसे जास्त गेले तरी चालतात.

आणि आकडा लहान म्हणून नाक मुरडू नका. आठाचे सोळा वॅट झाले की फरक पडतो तीन डेसिबलचा. आवाज दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. खरा प्रश्न स्पीकरचा आहे. एका वॅटला एक मीटरवर 86 डेसिबल देणारा स्पीकर आठ वॅटवर 95 पर्यंत जाईल. 95 डेसिबलवाला तेवढा आवाज एकाच वॅटमध्ये देतो. स्पीकर कोणता हे न विचारता ‘आठ वॅट पुष्कळ झाले’ म्हणणारा विक्रेता तुम्हाला नुसता वाटेला लावतो आहे.

‘ऊबदार’, ‘मधाळ’ वगैरे विशेषणांवर मी फार वेळ घालवत नाही. एकट्या व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये दुसरा हार्मोनिक जास्त असतो, तो कानाला गोड लागतो, हे खरं. पण पुश-पुलच्या आउटपुटमध्ये सम हार्मोनिक एकमेकांना बरेचसे खोडतात. दोन्ही मॉडेलांच्या पत्रकात गोडव्याचं तेच वाक्य असेल, तर लिहिणाऱ्याने बहुधा एकही उघडून पाहिलेला नाही.

ऐकून ठरवायचं असेल तर आवाज समान करून ऐका. किंचित मोठा वाजणारा ॲम्प नेहमीच सरस वाटतो आणि विक्रेत्याचा हात व्हॉल्यूमवर असतो. मी खिशात साधा मल्टिमीटर नेतो. मोबाइलवरून 100 हर्ट्झचा सूर लावायचा, स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट बघायचे, दोन्ही ॲम्प एकाच आकड्यावर आणायचे आणि मग आपलं ओळखीचं गाणं लावायचं. मीटर टर्मिनलपुरताच. ॲम्पच्या पोटात नको, कारण प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणे व्होल्ट उरलेले असतात.

जपानहून आलेला जुना सेट 100 व्होल्टचा असतो, त्याला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. 220 व्होल्टवर नेमलेल्या सेटला आपल्याकडचे कधीमधी चढणारे 240 मिळाले, तर 6.3 व्होल्टच्या हीटरवर 6.9 च्या आसपास जातात आणि व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं. ‘जुना, न वापरलेला मुलार्ड’ किंवा ‘बंगळुरूच्या बीईएलचा’ म्हणून दुप्पट भाव सांगितला, तर टेस्टरवरचं रीडिंग मागा. काचेवरचा छाप पुन्हा मारता येतो.

शेवटी पैसे काढण्याआधी आउटपुट व्हॉल्व्हच्या जोडीची आजची किंमत विचारा. ते काही हजार तासांत थकतात. बदलल्यावर बायस (व्हॉल्व्हच्या करंटची जुळणी) कोण लावून देणार, ॲम्प त्याच्याकडे न्यायचा की तो घरी येणार, आणि व्हॉल्व्ह वॉरंटीत धरले आहेत की नाहीत, हे बिलावर लिहून घ्या.