३.४ मध्ययुगीन ग्रामचर्च : वास्तू आणि अंतर्गत मांडणी

मध्ययुगीन इंग्लंडमधील ग्रामचर्चचे दोन प्रमुख भाग असत : पश्चिमेकडे ग्रामस्थांचे सभादालन आणि पूर्वेकडे धर्मगुरूंचा वेदीकक्ष. दोहोंमधील कमानीत कोरीव लाकडी पडदी असे. तिच्या वर क्रूसावरील ख्रिस्त, मरिया व योहान यांच्या मूर्ती असत. त्यांच्या मागे अनेक ठिकाणी अंतिम न्यायाचे चित्र रंगवलेले असे.

सफक परगण्यातील वेनहॅस्टन येथील सेंट पीटर चर्चमध्ये हे चित्र लाकडी फळ्यांवर होते. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या काळात मूर्ती हटवण्यात आल्या व चित्रावर चुना फासण्यात आला. १८९२ साली दुरुस्तीच्या वेळी या फळ्या काढून आवारात टाकण्यात आल्या. पावसाने चुना धुऊन निघाला आणि चित्र प्रकट झाले. त्यात क्रूस व मूर्ती यांच्या आकाराच्या जागा कोऱ्याच होत्या. मूर्तींनी झाकला जाणारा भाग चित्रकाराने रंगवलाच नव्हता!

यावरून चित्र, मूर्ती व वास्तू यांची रचना एकत्रितपणे केली जात असे, हे स्पष्ट होते. नष्ट झालेल्या वस्तूचा पुरावा कधी कधी तिच्या रिकाम्या जागेतच सापडतो, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न : वेनहॅस्टन येथील चित्रातील कोऱ्या जागांवरून कोणते निष्कर्ष काढता येतात?