निनावी चार्जर : नफा थोडा, जोखीम मोठी

पुणे-सातारा महामार्गावरील शिरवळसारख्या गावात मोबाइलचे दुकान चालविणाऱ्याने हातातील गेम कन्सोलचे चार्जर विक्रीस ठेवण्यापूर्वी त्यातील धोका समजून घ्यावा.

निन्टेंडो स्विचचा मूळ अ‍ॅडॅप्टर ५ किंवा १५ व्होल्ट देतो. यू.एस.बी.-सी जोडणीत सुरुवात ५ व्होल्टनेच व्हावी आणि यंत्राने मागितल्यावरच दाब वाढावा, असा नियम आहे. तो न पाळणारा चार्जर महागडे यंत्र निकामी करू शकतो. मार्च २०१८ मध्ये स्विचची ५.० ही प्रणाली आल्यावर इतर कंपन्यांचे डॉक वापरणाऱ्या अनेक ग्राहकांनी कन्सोल बंद पडल्याच्या तक्रारी केल्या. २०१६ मध्ये गूगलचे अभियंता बेन्सन लियुंग यांनी तपासलेल्या एका स्वस्त केबलमध्ये तारा उलट जोडलेल्या निघाल्या आणि त्यांचा लॅपटॉप बिघडला.

दुसऱ्या कंपनीचा माल म्हणजे वाईटच, असे नव्हे. खरेदीच्या वेळी चार्जरवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह व 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. तो 'बी.आय.एस. केअर' अ‍ॅपवर पडताळता येतो. मात्र हे चिन्ह सुरक्षिततेचे आहे. चार्जर कोणत्या कन्सोलला चालेल, हे वेगळे तपासावे लागते.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार उत्पादकाचा पत्ता लागत नसेल, तर सदोष मालाने झालेल्या इजेची किंवा नुकसानीची भरपाई विक्रेत्यावर येऊ शकते. म्हणून घाऊक व्यापाऱ्याकडून पक्के बिल घ्यावे, ग्राहकालाही द्यावे. खात्री नसेल तेथे 'चालेल' म्हणू नये. एका चार्जरवरील नफ्यापेक्षा दुकानाची पत मोठी आहे.