भिंतीवरील निसर्ग

चित्र म्हटले म्हणजे चौकटीत बसविलेले व खिळ्याला टांगलेले चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. ते घरच्यांनी पाहावे व आल्यागेल्यास दाखवावे. भित्तिचित्राची गोष्ट निराळी. ते जागचे हलत नाही, आणि रस्त्याने जाणारा हमाल, भाजी विकणारी बाई व शाळेची वाट धरलेले मूल या सर्वांना ते सारखेच दिसते. म्हणूनच भरवस्तीतील एखाद्या इमारतीवर चित्र काढावयाचे झाल्यास पहिला प्रश्न रंगाचा नसतो; हे चित्र कोणाचे, हा असतो.

भिंतीवर निसर्ग रेखाटण्याची हौस आपल्याला नवी नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत कमळे, हंस आणि हत्ती आहेत. आपल्या कोकणपट्टीत व गोमंतकात 'कावी' नावाची कला नांदत आली आहे. काव म्हणजे तांबडी माती. जांभ्या दगडाच्या प्रदेशात हा रंग पायांखालीच सापडतो. कारागीर शिंपल्यांच्या चुन्याचा पांढरा गिलावा करीत, त्यावर तांबडा थर देत आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा भाग उघडा करीत. शेवटी गुळगुळीत दगडाने पृष्ठभाग घोटीत. अशा रीतीने वेली, फुले व पशुपक्षी भिंतीत उमटत. पेडणे तालुक्यातील मोरजी येथील मोरजाईचे मंदिर या कलेसाठी प्रसिद्ध आहे. कावीचे चित्र भिंतीवर चढविलेले नसून ते भिंतीचाच भाग असते. त्यामुळे ते पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

तरीही अशी कित्येक चित्रे नाहीशी झाली. ती पावसाने धुऊन नेली असे नव्हे. जीर्णोद्धार करताना कोठे जुना गिलावा खरवडून सिमेंट लावले गेले, तर कोठे ऑइलपेंटचा हात फिरला. रंग पक्का असला तरी त्याला आपले म्हणणारे कोणी उरले नाही की चित्र जाते. मग लोकांना भिंतीवरील चित्र आपले कशाने वाटते? अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराचा अनुभव या बाबतीत उद्‌बोधक आहे.

त्या शहरात तरुण मुले रंगाच्या फवाऱ्यांनी दिसेल त्या भिंतीवर आपली नावे लिहीत असत. त्याला आळा घालण्यासाठी 1984 साली महापौर विल्सन गूड यांच्या कारकिर्दीत एक मोहीम सुरू झाली व तीत जेन गोल्डन या चित्रकर्त्रीची नेमणूक करण्यात आली. मुलांना केवळ दंड न करता त्यांच्या हाती कुंचला द्यावा आणि भिंत विद्रूप करणाऱ्यांकडूनच ती सजवून घ्यावी, असा मार्ग त्यांनी धरला. 1996 साली या कार्याला 'म्युरल आर्ट्‌स' या स्वतंत्र उपक्रमाचे रूप मिळाले. सुरुवातीपासून आजवरची गणना केली, तर त्या शहरात तयार झालेल्या भित्तिचित्रांची संख्या चार हजारांच्या घरात जाते.

संख्येपेक्षा त्यांची रीत अधिक अभ्यसनीय आहे. भिंत ठरली म्हणजे चित्रकार प्रथम आसपासच्या रहिवाशांची सभा घेतो. त्यांना काय हवे व काय नको हे ऐकून तो कच्चा आराखडा करतो आणि तो पुन्हा त्यांच्यापुढे ठेवतो. पुढे चित्राचे चौरस पाडून ते 'पॅराशूट क्लॉथ' नावाच्या पातळ कापडाच्या तुकड्यांवर उतरवितात व प्रत्येक भागात रंगाचा क्रमांक लिहितात. हे तुकडे शाळांत व सभागृहांत नेले म्हणजे ज्याने कधी कुंचला धरला नाही, तोही क्रमांक पाहून रंग भरू शकतो. ज्यांना परांचीवर चढवत नाही असे वृद्ध, आणि ज्यांना बाहेर येता येत नाही असे बंदीजन, हेही त्यात सहभागी होतात. एका चित्राच्या कामात तर ग्रेटरफोर्ड येथील तुरुंगातील बंदी आणि गुन्ह्यांची झळ पोचलेली माणसे यांनी हातभार लावला. थंडीच्या दिवसांत हे काम छपराखाली चालते. हवा ऊबदार झाली की तुकडे भिंतीवर चिकटवून त्यांच्या सांध्यांवरून रंग फिरवितात.

या शहरात निसर्गाचे विषयही पुष्कळ रंगविले गेले. डेव्हिड ग्विन या चित्रकाराने तेथे ऋतूंची चित्रे काढली. दाट घरांच्या वस्तीत, जेथे चार झाडेही एकत्र दिसत नाहीत, तेथे भिंतीवर रान उभे राहिले. परंतु शेजारच्या मोकळ्या जागेत बांधकाम झाले आणि पानगळीचे चित्र त्याआड गेले. पुढे त्याच विषयावर ग्विन यांनी नव्याने चित्र केले. मोकळ्या जागेकडे तोंड असलेल्या भिंतीवर चित्र काढताना त्या जागेचे उद्या काय होणार, हे आधी विचारावे, हा धडा यातून घ्यावयाचा. आणि चित्र झाकले जाऊनही ते पुन्हा व्हावे असे वाटणे, हीच ते आपले झाल्याची खूण होय.

आपल्या गावी असे चित्र काढावयाचे तर काय करावे लागेल? गोव्यात वर्षाकाठी सुमारे 300 सेंटिमीटर पाऊस पडतो. तेव्हा प्रथम भिंतीची परीक्षा करावी. तिला लोणा लागला आहे काय, शेवाळ धरते काय, पन्हाळीचे पाणी तिच्यावरून वाहते काय, हे भर पावसात जाऊन पाहावे. पश्चिमेच्या व दक्षिणेच्या अंगाला नैर्ऋत्य वाऱ्याबरोबर येणाऱ्या पावसाचा मारा अधिक असतो. नव्या सिमेंटच्या गिलाव्यातील क्षार रंगाला बाधतात, म्हणून त्यावर निदान महिनाभर रंग चढवू नये. ओल राहिली तर पुढच्याच पावसाळ्यात पोपडे निघतात. भिंत पुरती सुकल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर काही दिवस जाऊ देऊन, काम हाती घेणे बरे. मालकाची लेखी संमती तर हवीच.

मग गणित येते. समजा, भिंत 9 मीटर लांब व 6 मीटर उंच आहे. कागदावर 60 बाय 40 सेंटिमीटरचे चित्र करून त्यावर 4 सेंटिमीटरचे चौरस पाडले, तर आडवे 15 व उभे 10, असे एकंदर 150 चौरस होतात. भिंतीवर हाच प्रत्येक चौरस 60 सेंटिमीटरचा होईल, कारण प्रमाण 1 ला 15 आहे. 150 मुलांना एकेक चौरस देता येईल. एकाची रेघ जेथे संपते तेथे शेजाऱ्याची सुरू होते. म्हणून आपला चौरस नीट काढणे जितके महत्त्वाचे, तितकेच शेजाऱ्याच्या रेघेशी आपली रेघ जुळविणेही.

विषय निवडताना दिनदर्शिकांवरील बर्फाची शिखरे टाळावीत. मांडवीकाठची खारफुटी, खाजन शेतातील बगळे, रानातील गवा व धनेश हे आपले धन आहे. खारफुटीची मुळे चिखलातून वर का येतात, हे ज्याने पाहिले नाही त्याला ती रंगविता येणार नाहीत. भिंतीपाशी जाण्याआधी नदीकाठी जावे लागेल, आणि या साऱ्या खटाटोपाचे खरे शिक्षण तेथेच आहे. भिंतीवरील खारफुटी रंगवून काठावरची खारफुटी भरावाखाली गेली, तर ते चित्र केवळ आठवण म्हणून उरेल.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चित्र पूर्ण झाले म्हणजे काम संपले असे नाही. दर पावसाळ्यानंतर त्याची पाहणी करण्याचे, पन्हाळी साफ ठेवण्याचे व उडालेला रंग भरण्याचे काम एखाद्या वर्गाने अंगावर घ्यावे आणि शाळा सोडताना ते खालच्या वर्गाच्या स्वाधीन करावे. कावीची चित्रे गेली ती अशी सोपवणूक खंडित झाल्यामुळे. ज्या भिंतीची जबाबदारी आपण घेतो, ती भिंत कागदोपत्री कोणाचीही असो, आपली होते.