पांढरीच्या पोटात

खानदेशात शिंदखेडा हे तालुक्याचे गाव आहे. त्याच्या जवळून बुराई नदी वाहते आणि पुढे ती तापीला मिळते. ह्या भागातील जमीन काळी व कापसाला मानवणारी आहे. उन्हाळ्यात तिला मोठमोठ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तिचा चिखल गाडीचे चाक सोडत नाही. परंतु अशा काळ्या शिवारात, विशेषतः नदीच्या काठी, मधूनच एखादे उंच टेकाड दिसते. त्याची माती काळी नसते. ती राखेसारखी पांढुरकी असते. तीत नांगराच्या फाळाला वरचेवर खापरे लागतात. अशा जागेला लोक ‘पांढर’ म्हणतात.

हा शब्द जुना आहे. मराठी गावगाड्यात शेतीच्या जमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणण्याची रीत आहे. माणसे एका जागी पिढ्यान्‌पिढ्या राहिली म्हणजे तेथे चुलीची राख पडते, गुरांचे शेण कुजते, मातीच्या भिंती पावसाने ढासळतात आणि त्यांच्याच ढिगावर नव्या भिंती उभ्या राहतात. हाडे, चुना, फुटकी गाडगी हीही त्यातच मिसळतात. अशा रीतीने जमिनीचा रंग पालटतो व तिची उंची वाढत जाते. म्हणून जेथे आज एकही घर नाही, तेथील टेकाडाला पांढर म्हणणे म्हणजे ‘येथे पूर्वी गाव होते’ असे सांगणेच होय. ही गोष्ट शेतकऱ्यांना पुस्तक न वाचता ठाऊक होती. पुढे जुन्या वसाहतींचा शोध घेत हिंडणाऱ्या पुरातत्त्वज्ञांना हा एक शब्द वाटाड्यासारखा उपयोगी पडला.

पांढरीविषयी गोष्टीही पुष्कळ सांगतात. कोणी म्हणतो, येथे मोठे नगर होते, पण कोणा साधूच्या शापाने ते एका रात्रीत पालथे झाले. कोणी म्हणतो, ह्या ढिगाखाली मोहरांनी भरलेली कढई आहे व तिच्यावर नाग बसलेला आहे. तो नाग कोणी पाहिलेला नसतो. पण ज्याने पाहिला त्याला ओळखणारा मनुष्य मात्र प्रत्येक गावात असतो. खानदेशात सर्वांत अधिक ऐकू येणारे नाव गवळी राजाचे. जुनी विहीर असो, पडके देऊळ असो की ओसाड टेकाड असो, ते गवळी राजाच्या वेळचे, असे सांगून म्हातारी माणसे मोकळी होतात.

ह्या गोष्टींत खरे किती, हे जमीन खणल्यावाचून कळणार कसे?

तापीच्या प्रवाहाबरोबर पश्चिमेकडे गेले म्हणजे प्रकाशा हे तीर्थक्षेत्र लागते. तेथे गोमाई नदी तापीला मिळते. भाविक लोक ह्या गावाला दक्षिण काशी म्हणतात. हल्ली ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. पूर्वी ते पश्चिम खानदेशात मोडत असे. येथील पांढरीचे उत्खनन भारतीय पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर ह्यांनी १९५४-५५ साली केले.

उत्खनन म्हणजे धनासाठी केलेली खणाखणी नव्हे. त्यात प्रथम टेकाडावर चौकोनी खड्डे आखतात. नंतर माती हळूहळू खरवडून काढतात आणि खड्ड्याच्या उभ्या भिंतीवर मातीचा रंग कोठे बदलतो हे पाहून थरांच्या रेषा ओढतात. जी वस्तू ज्या थरात सापडेल तिच्यावर त्या थराची खूण घालतात. खालचा थर आधीचा आणि वरचा थर नंतरचा, हा ह्या शास्त्राचा अगदी साधा नियम आहे. पण सारे शास्त्र त्यावरच उभे आहे.

प्रकाशाच्या पांढरीत वस्तीच्या थरांची जाडी सुमारे १७ मीटर भरली. सर्वांत खालच्या थरांत रंगीत नक्षीची खापरे, गारगोटीसारख्या दगडाची धारदार लहान पाती आणि थोड्या तांब्याच्या वस्तू मिळाल्या. तेथे लोखंडाचा मागमूस नव्हता. ती वस्ती आजपासून सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची होती. त्याच्यावरच्या थरांत लोखंड आले आणि त्याबरोबर काळी, आरशासारखी चकचकीत खापरेही आली. तशी भांडी गंगेच्या खोऱ्यात वापरीत असत. म्हणजे त्या काळीही दूरचा माल तापीच्या काठी येऊन पोहोचत होता! त्याच्याही वर पुढील शतकांच्या वस्तीचे थर होते. गाव वाढले, पडले, पुन्हा उभे राहिले. एका रात्रीत पालथ्या झालेल्या नगराचा थर मात्र कोठेही आढळला नाही.

तापीकाठच्या सावळदा गावी १९५९-६० साली उत्खनन झाले, तेव्हा प्रकाशाच्या तळाच्या थरांहूनही जुनी भांडी हाती आली. ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची असून त्यांवर मासे, पक्षी, जनावरे व बाण काढलेले आहेत. नदीकाठी राहणाऱ्या कुंभाराने जे रोज पाहिले तेच त्याने घटावर रेखाटले. ह्या संस्कृतीला पुरातत्त्वशास्त्रात सावळदा संस्कृती म्हणतात. एका लहानशा खेड्याचे नाव अशा रीतीने शास्त्रात रूढ झाले. साक्री तालुक्यातील कवठे येथेही पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी ह्याच लोकांची एक वस्ती खणून काढली. तेथे जमिनीत खड्डे घेऊन वर छप्पर घातलेल्या झोपड्यांच्या खुणा सापडल्या. महाराष्ट्रातील त्या काळच्या अनेक वसाहतींत घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले दोन रांजण मिळतात. त्यांत लहान मुलांची हाडे असतात. मेलेल्या लेकराला आईबापांनी गावाबाहेर न नेता आपल्या घराच्या उंबऱ्याआत ठेवले होते. सोन्याच्या कढईपेक्षा हे रांजण अधिक बोलके आहेत.

मग गवळी राजाची गोष्ट खोटी म्हणावी काय? तसेही म्हणता येत नाही. नाशिकजवळील लेण्यांत ईश्वरसेन नावाच्या राजाच्या कारकिर्दीतील एक शिलालेख आहे. आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेवलेल्या रकमेची नोंद त्यात केली आहे. हा राजा आभीर होता व तो इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात होऊन गेला. आभीर म्हणजेच अहीर. गाई पाळणारे ते लोक. खानदेशची अहिराणी बोली त्यांचेच नाव मिरवते. तेव्हा गवळी राजाच्या गोष्टीत त्या आभीरांची अंधुक आठवण उरली असावी. मात्र लोकांच्या स्मरणाला सनावळी ठाऊक नसते. आभीरांच्याही दीड-दोन हजार वर्षे आधीची खापरे ते त्याच राजाच्या पदरी बांधते. चुन्यावाचून बांधलेल्या दगडी देवळांचेही असेच झाले आहे. ती सारी हेमाडपंताने बांधली अशी समजूत आहे. हेमाडपंत हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात देवगिरीच्या यादवांचा मंत्री होता, आणि अंबरनाथचे देऊळ तर १०६० सालचे, त्याच्या दोनशे वर्षे आधीचे आहे!

लोककथा आणि जमीन ह्यांची अशी जोडी केवळ खानदेशातच आढळते असे नाही. इंग्लंडच्या पश्चिमेस वेल्स नावाचा डोंगराळ देश आहे. तेथे मोल्ड गावाजवळ एक टेकाड होते. तेथील भाषेत त्याच्या नावाचा अर्थ ‘भुतांची टेकडी’ असा होता. रात्री तेथे सोन्याने झळकणारी आकृती दिसते, असे लोक सांगत. १८३३ साली दगड काढण्यासाठी मजुरांनी ते टेकाड फोडले, तो आत एका माणसाची हाडे व त्यांवर चुरगळलेला सोन्याचा पत्रा निघाला. मजुरांनी व इतरांनी त्याचे तुकडे वाटून घेतले. पुढे ते तुकडे जमतील तसतसे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आले. पुष्कळ वर्षे विद्वान त्याला घोड्याचा साज समजत होते. ती माणसाच्या खांद्यांवर घालायची सोन्याची झूल आहे, हे ठरायला विसावे शतक अर्धे उलटावे लागले. तुकडे वाटले गेले नसते, तर एवढा काळ लागता ना. ही झूल साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची आहे. त्याच युगात तापीच्या काठी कुंभार घटांवर मासे रंगवीत होते.

खानदेशातील पांढरींवरही असाच प्रसंग येतो. पांढरीची माती शेतात खत म्हणून पसरतात, धाब्याच्या घरांवर घालतात, विटांसाठी नेतात. पूर्वी ती बैलगाडीने जाई, तेव्हा एक पांढर संपायला पिढ्या लागत. यंत्राने तेच काम थोड्या दिवसांत होते. शेतकऱ्याला मातीची गरज असते, आणि त्यात त्याचा काही अपराध नाही; पण गाडीत भरलेल्या मातीतून कोणता थर वरचा व कोणता खालचा, हे कोणालाही सांगता येत नाही. जमिनीत पुरलेले धन सापडल्यास कलेक्टरला कळवावे असा कायदा १८७८ पासून आहे, व प्राचीन स्थळांच्या रक्षणासाठी १९५८ साली आणखी एक कायदा झाला. परंतु खापराला धन कोण म्हणणार?

थर हरवला म्हणजे काय होते, ते दायमाबादच्या हकीगतीवरून दिसते. प्रवरा नदीच्या काठचे हे स्थळ आहे, आणि सावळद्यासारखी खापरे तेथेही तळाशी मिळाली आहेत. १९७४ साली तेथे झुडपाचे मूळ खणताना एका गावकऱ्याला चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या. बैल जुंपलेला व माणूस उभा असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा त्या चार वस्तू असून त्यांचे एकूण वजन ६० किलोग्रॅमहून अधिक आहे. तसे काम भारतात क्वचितच पाहावयास मिळते. त्यानंतर एस. ए. साळी ह्यांनी १९७५ ते १९७९ ह्या काळात तेथे उत्खनन केले व त्या वस्तू कोणत्या थरातल्या असाव्यात ते ठरविण्याचा प्रयत्न केला. साळी ह्यांनी त्यांना सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानले, तर कित्येक विद्वान त्यांना बऱ्याच अलीकडच्या समजतात. वाद अद्याप मिटलेला नाही.